बाप्पाच्या मागचं मनिला

आमच्या जुरोंग ईस्टच्या घरात आईसमोर दोन शब्द काढायची सोय नव्हती. एक म्हणजे तिच्या धाकट्या जावेचं नाव आणि दुसरा मनिला. जावेचं प्रकरण इथे सांगत नाही, कारण काकू अजून हयात आहेत आणि चष्मा न लावता वाचतात. मनिलाचं मात्र सांगायला हवं.

बाबा मूळचे मालवणचे, पेशाने मरीन इंजिनियर. लग्नाआधी ते ज्या मालवाहू जहाजावर होते, ते एकदा मनिलाच्या बंदरात बंद पडलं आणि इंजिनाचा कुठलासा भाग परदेशातून येईपर्यंत तिथेच अडकून राहिलं. काम नाही, पगार चालू. बाबा रोज संध्याकाळी पायी जुन्या तटाच्या आत जाऊन बसत. स्पॅनिश लोकांनी नदीच्या मुखाशी बांधलेलं ते मूळ शहर. भोवती जाड दगडी तट, आत आखल्यासारख्या गल्ल्या, चर्चं, मठ, शाळा, वरच्या मजल्यावर रुंद खिडक्या असलेली घरं. महायुद्ध संपता संपता तोफांनी ते सगळं सपाट केलं. इतक्या चर्चांमधलं एकच काय ते उभं राहिलं. बाबांनी पाहिलं ते गवत वाढलेलं मैदान, अर्धवट कमानी आणि उभे केलेले ट्रक. पण तिथे तटाच्या सावलीत एक म्हातारा न्हावी खुर्ची टाकून बसायचा. तो बाबांची दाढी करता करता वस्तऱ्याने रिकाम्या जागेकडे बोट दाखवावं तसं दाखवत सांगायचा, तिथे कोरीव लाकडी छताचं चर्च होतं, तिथे मठ, तिथे घड्याळाचा मनोरा. बाबांना ते सगळं दिसायला लागलं. जहाज दुरुस्त होऊन निघालं तेव्हा त्यांना त्या शहरातली एकही उभी इमारत धड आठवत नव्हती, पण पडलेल्या सगळ्या तोंडपाठ होत्या.

हे सगळं त्यांनी लग्नानंतर आईला मोठ्या प्रेमाने सांगितलं. आई दादरची, शिक्षकाची मुलगी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोज दाढी?"

"हो, म्हणजे तेवढंच बसायला मिळायचं."

"जहाजावर तर तुम्ही आठवडा आठवडा दाढी करत नाही. मनिलात रोज कोणासाठी?"

त्या प्रश्नाला बाबांनी आयुष्यभर उत्तर दिलं आणि आईने एकदाही ते स्वीकारलं नाही. पुढे बाबांनी समुद्र सोडला, जुरोंगच्या एका शिपयार्डात दुरुस्तीच्या कामावर लागले, आम्ही सिंगापूरला आलो, मी तिथल्या शाळेत जाऊ लागले. तरी घरात कुणी मनिला म्हटलं की आई भांडी जरा जोरात ठेवायची.

आमचं घर आठव्या मजल्यावर, लांबलचक सामायिक कॉरिडॉरच्या टोकाला. सकाळी खालच्या बाजारातून चिनी अंकल यंत्रावर नारळ खवत बसायचे त्याची घरघर वर यायची. त्यानंतर भिंतीपलीकडून पियानो. शेजारी टीटा लुझ राहायची. टीटा म्हणजे त्यांच्याकडे मावशी-आत्या जे काय असेल ते. ती एका हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवायची आणि दुपारभर घरी सराव करायची. ती मनिलाची होती. ती राहायला आली त्या दिवशी बाबा मिठाई घेऊन गेले आणि तटाच्या आतल्या शहराबद्दल विचारू लागले. ती म्हणाली, "अंकल, मी तिथे एकदाच गेले, शाळेच्या सहलीला. फार ऊन होतं." बाबा मिठाईची रिकामी ताटली घेऊन इतके पडेल चेहऱ्याने परतले, की आईला त्या दिवशी टीटा लुझ एकदम आवडायला लागली.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमचं मराठी मंडळ तेव्हा लहान होतं. गणपती एका कम्युनिटी हॉलमध्ये बसायचा. मूर्ती पुण्याहून कुणाच्या तरी मांडीवर बसून विमानाने यायची. दरवर्षी देखावा करणाऱ्या गृहस्थांची त्या वर्षी दुबईला बदली झाली आणि मंडळाचे चिटणीस पेंडसेकाका हवालदिल होऊन आमच्याकडे आले. पेंडसेकाका पुण्याचे, तांजोंग पगारला एका कंपनीत हिशेब तपासायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की वाक्य संपलं की खालती सही करतील असं वाटावं. त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "सावंत, तुम्ही हाताचे कुशल आहात. यंदाचा देखावा तुम्ही करायचा."

बाबा म्हणाले, "करतो की. समुद्राकाठचा किल्ला करू?"

"वा!" पेंडसेकाका उठूनच उभे राहिले. "मालवणच्या माणसाने समुद्राकाठचा किल्ला नाही करायचा तर कोणी? तट, बुरूज, पाणी!"

"तट, बुरूज, पाणी," बाबा म्हणाले.

काका गेल्यावर आई कप उचलता उचलता थांबली. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही सिंधुदुर्ग म्हणाला नाहीत."

"त्यांनी विचारला नाय."

बाबा मालवणीत बोलायला लागले की समजायचं, माणूस हाताबाहेर गेला.

पुढचे काही आठवडे आम्ही जमिनीवर बसून जेवलो, कारण जेवणाच्या टेबलावर मनिला होतं. शिपयार्डातून खोक्यांचं प्लायवूड आलं. तटासाठी थर्मोकोल आला. तो करवतीने कापला की करकर आवाज व्हायचा आणि पांढरे दाणे वरणात, भातात, माझ्या वेणीत सापडायचे. छपरांना पन्हाळीचा पुठ्ठा. सगळं जमत गेलं, खिडक्यांपाशी अडलं. त्या शहरातल्या घरांना काचा नव्हत्या, शिंपल्यांची पातळ तावदानं होती, ज्यातून ऊन दुधासारखं आत यायचं. बाबा म्हणायचे, "आमच्या वेंगुर्ल्याच्या आतेच्या घराला तश्शीच होती. पोर्तुगीज काय, स्पॅनिश काय, शिंपला एकच." पण सिंगापुरात इतका पातळ शिंपला आणायचा कुठून? बाबांनी मेणकापड लावून पाहिलं, कांद्याचा पापुद्रा लावून पाहिला. एक दिवस खिडक्या एकदम झकास दिसायला लागल्या. उन्हात धरलं की अगदी दुधाळ. मी विचारलं कशाच्या, तर म्हणाले, "धंद्यातलं गुपित."

गुपित रविवारी फुटलं. आईने तळणासाठी तांदळाच्या पापडांचा डबा उघडला. ते पापड तिने स्वतः पीठ शिजवून, कॉरिडॉरमध्ये जुन्या साडीवर वाळवून, मैनांना हाकलत बसून केले होते. डब्यातल्या प्रत्येक पापडाला मधोमध सुबक चौकोनी भोक पडलेलं होतं. आईने एक पापड डोळ्यापुढे धरला आणि त्या भोकातून बाबांकडे पाहिलं.

"काय हो हे?"

"कडेचा भाग सगळा शिल्लक आहे," बाबा म्हणाले. "तळून बघ. चवीत फरक नाय."

आईने खरंच तळले. आम्ही त्या दिवशी चौकटी खाल्ल्या.

अशा वातावरणात एका संध्याकाळी बाबा कॉरिडॉरमधून जवळजवळ पळत आत आले. चेहरा असा फुललेला की आईने कढईखालचा गॅसच बंद केला. "अगो ऐकलंस? लोला आलीय! मनिलाहून! उद्या दुपारी आपल्याकडे येणार. मीच बोलावलंय!"

आता हे लक्षात घ्यायला हवं की आईच्या पिढीत लोला, लिली, मोना अशी नावं फक्त हिंदी सिनेमातल्या नाचणाऱ्या बायकांना असत. आईने गॅस परत पेटवला. दुसऱ्या दिवशी तिने सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली, मंगळसूत्र दिसेल असं पदरावर घेतलं, माझीसुद्धा वेणी ओढून घातली आणि म्हणाली, "तू माझ्या शेजारी बसायचंस. बाई काय बोलते ते इंग्रजी नीट ऐकायचं." बाबांनी दाढी केली होती. ते तिने पाहून ठेवलं.

दुपारी बेल वाजली. आईने पदर खोचला आणि दार उघडलं. दारात टीटा लुझ होती, आणि तिच्या कोपरापर्यंत पोचणारी, हातात घडीचा पंखा असलेली, पांढऱ्या केसांचा आंबाडा घातलेली साठीची बाई.

"ही माझी आई," टीटा लुझ म्हणाली. "सगळे लोला म्हणतात. म्हणजे आजी."

आईला इतकं हसू आलं, की ते आवरायला ती पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत राहिला. मी नंतर पाहिलं, ती ओट्याला टेकून तोंडात पदराचा बोळा धरून उभी होती.

बाहेरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. टीटा लुझने बाबांना दबक्या आवाजात सांगितलं, की नवरा गेल्यापासून लोलाने बोलणंच टाकलंय. म्हणून इकडे आणली. इथेही ती खुर्ची खिडकीला लावून दिवसभर खालचा कारपार्क बघत बसते. जेव म्हटलं तर जेवते, झोप म्हटलं तर झोपते. "तटाच्या आतच जन्मली ती. पण त्याबद्दल मला तिने कधी अवाक्षर सांगितलं नाही. तुम्ही उगाच विचारू नका हं, अंकल."

बाबांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त टेबलावरची चादर काढली.

लोलाने पंखा मिटला. ती टेबलाभोवती सावकाश एक फेरी फिरली. तटावरून बोट फिरवलं, एका वेशीपाशी थांबली, मग आत वाकली. बाबांच्या डोळ्यांत तर पाणी यायच्या बेतात होतं, त्यांना वाटलं आता ही बाई आपला हात हातात घेणार. लोला ताठ झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सगळं चूक आहे!"

टीटा लुझने तोंडावर हात ठेवला.

"हे चर्च इथे नाही. हा चौक इतका मोठा? इथे काय हत्ती बांधायचे होते? आणि हे," लोलाने बाबांच्या सर्वांत आवडत्या, महिनाभर खपून केलेल्या दोन मनोऱ्यांच्या चर्चवर पंखा आपटला, "हे तुम्ही माझ्या घरावर बसवलंय. उचला."

"पण लोला, न्हाव्याने सांगितलं—"

"कुठला न्हावी?"

बाबांनी वर्णन केलं. लोलाने ऐकलं आणि टेबलावर हात टेकून हसायला लागली. "तो? तो तर नदीपलीकडचा. तो आत फक्त केस कापायला यायचा. उचला म्हणते ना."

बाबांनी चर्च उचललं.

त्या दिवसापासून लोला रोज यायला लागली. खिडकीची खुर्ची आमच्या टेबलाला लागली. आम्ही सगळे इंग्रजीतच बोलायचो, बाबांचं जहाजावरचं, आईचं दादरच्या शाळेतलं, लोलाचं मधूनच स्पॅनिशमध्ये घसरणारं. भांडणाला ते पुरत असे. आणि भांडण रोजचं होतं, कारण बाबांना हवी होती चर्चं आणि लोलाला हवी होती तिची गल्ली. बाबा म्हणत, जगप्रसिद्ध वास्तू आधी. लोला म्हणे, त्यांचे फोटो आहेत की दुनियेकडे, माझ्या बेकरीचा फोटो दाखवा. मग एक मठ रद्द होऊन बेकरी व्हायची. बेकरीशेजारी बर्फवाला. त्याच्यावर दात काढणारा डॉक्टर, ज्याच्या जिन्यावर मुलं कान झाकून बसायची. समोर पिलार नावाच्या मुलीचं घर, जिच्याशी लोलाचं जन्माचं वैर होतं, कारण पिलारला पाढे येत आणि ती ते दाखवत असे. बाबांनी पिलारचं घर जरा मोठं केलं, तर लोलाने कात्री मागवून त्याचं छप्पर कापलं.

आई हे सगळं ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. मग ओट्यापासून टेबलापाशी आली. मग बसली. पापडांचं उरलेलं पीठ तिने आपणहून शिजवलं आणि खिडक्यांना लागतील एवढे पातळ पापड लाटून दिले. "तुमचे जाड होत होते," ती बाबांना म्हणाली. माझ्या लक्षात आलं, की भिंतीपलीकडचा पियानोही बंद झालाय. टीटा लुझ सराव सोडून आमच्या दारात उभी असायची, चौकटीला डोकं टेकून. एकदा ती मला हळूच म्हणाली, "आमच्या घराखाली बेकरी होती, हे मला आज कळलं. मी पस्तीस वर्षांची आहे."

कुणाचं काय झालं, हे लोला सांगत नसे. फक्त कोण कुठे राहायचं ते सांगे. दात काढणाऱ्या डॉक्टरबद्दल आईने एकदा विचारलं, मग ते युद्धानंतर कुठे गेले? लोला त्याच्या दाराला रंग देत होती. ती म्हणाली, "इथेच." आणि रंग देत राहिली. आईने नंतर तसा प्रश्न विचारला नाही. पण त्या दिवशी तिने लोलाला जेवायलाच ठेवून घेतलं, आणि आमसुलाचं सार पाहून लोला म्हणाली, "हे तर आमच्याकडचं आंबट सूप!" ती तीन वाट्या प्यायली.

सण आठवड्यावर आला तेव्हा पेंडसेकाका पाहणीला आले. रविवारची सकाळ. दारातूनच त्यांना तट दिसला आणि त्यांनी टाळी वाजवली. "वा सावंत! काय बुरूज आहेत! पद्मगड दिसायला लागला मला बाजूला." मग चष्मा पुसून ते जवळ आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"सावंत."

"बोला."

"महाराजांच्या किल्ल्यात बेकरी?"

बाबांनी बेकरीचं छप्पर बोटाने सरळ केलं.

"आणि हे दोन शिखरांचं देऊळ कोणतं? त्यावर हे..." काकांनी बोट मागे घेतलं. "सावंत, हा क्रॉस आहे!"

"मी समुद्राकाठचा किल्ला म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "महाराजांचं तुम्ही मनात धरलंत."

"अहो, पण बाप्पा! बाप्पाच्या मागे चर्च? मंडळाला काय सांगू? मी राजीनामा देईन, तुम्हालाही द्यावा लागेल!" बाबा मंडळाचे सभासद सोडून काहीच नव्हते, त्यामुळे त्यांनी कशाचा राजीनामा द्यायचा हे कुणालाच कळलं नाही, पण काकांचा चेहरा पाहून आई पाणी आणायला धावली. तेवढ्यात लोला आली. तिने टेबलापाशी उभा असलेला, पांढऱ्या शर्टातला, उंच, रिकाम्या हातांचा माणूस पाहिला आणि तिला वाटलं, सावंतांनी अखेर सुतार बोलावला.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "हे धर. हलू नकोस." आणि तिने नुकताच डिंक लावलेला, नदीकडचा तटाचा लांब तुकडा पेंडसेकाकांच्या दोन्ही हातांत दाबून दिला.

पेंडसेकाका पुण्याचे होते, ते कुणालाही नाही म्हणू शकत. पण पांढऱ्या केसांच्या बाईला नाही म्हणणं त्यांच्या संस्कारात नव्हतं. ते धरून उभे राहिले. डिंक वाळायला वेळ लागत होता. लोला बाजूला बसून पंख्याने डिंकाला वारा घालू लागली आणि सवयीने सांगू लागली. या भिंतीवर संध्याकाळी आम्ही बसायचो. इथून जहाजं दिसायची. हे बर्फवाल्याचं, हे डॉक्टरचं, ही पिलार. पिलारशी मी दोन वर्षं बोलले नव्हते. मग तोफा सुरू झाल्या. एकदा या भिंतीच्या आडोशाला आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, तरी बोलले नाही. मला वाटलं, ती आधी बोलेल.

आमच्यापैकी कुणीच हे आधी ऐकलेलं नव्हतं. दारात टीटा लुझ होती. आई पाण्याचा पेला हातात घेऊन जागच्या जागी. पेंडसेकाकांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर आला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. डिंक केव्हाच वाळला असावा. ते धरून उभेच होते.

शेवटी लोलाने त्यांच्या मनगटावर टिचकी मारली. "सोड आता. चांगलं धरतोस."

काकांनी हात सोडले, चष्मा पुसला, घसा साफ केला. मग बाबांना एका बाजूला घेऊन म्हणाले, "मंडळाला मी सांगतो काय सांगायचं ते. तुम्ही फक्त क्रॉस जरा लहान करा."

"किती लहान?"

"मागच्या रांगेतून दिसणार नाही इतका."

माझी नात मध्यंतरी हे ऐकून म्हणाली, "आज्जी, why so drama? Put up a sign, explain lah!" तिला कसं सांगू, की मंडळात पाटीच्या शुद्धलेखनावरूनसुद्धा तेव्हा तीन सभा होत. आम्ही आता चोआ चू कांगला राहतो, तिच्या वर्गात पाच धर्मांचे सण होतात आणि पाचांची सुट्टी मिळते. तिला पेंडसेकाकांचा पराक्रम कळणं अवघड आहे. मला कळतो, आणि वय वाढेल तसा जास्त कळतो.

गणपतीत मंडळात थोडी कुजबुज झाली. पेंडसेकाका आरतीच्या आधी उभे राहून म्हणाले, "यंदाचा देखावा एका समुद्राकाठच्या किल्ल्याचा असून, तो आज अस्तित्वात नाही." इतकं म्हणून ते बसले. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की पुढे कुणी प्रश्न केला नाही. बायका एकमेकींना खिडक्या कशाच्या आहेत ते विचारत राहिल्या आणि आईने पाककृती सांगायला सुरुवात केल्यावर चर्चचा विषयच मागे पडला. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. खिडक्यांच्या वासाने तटावरून त्यांची रांगच्या रांग वेशीतून आत शिरली आणि गल्लीगल्लीतून हिंडू लागली. बाबा पावडर शोधायला धावले, लोलाने त्यांना थांबवलं. "राहू दे. इतके दिवस रस्ते फार रिकामे वाटत होते."

बाप्पा बसले होते शहराच्या पुढ्यात, सगळ्या मनोऱ्यांपेक्षा उंच. लोलाने आईला विचारलं, हा काय करतो? आई म्हणाली, संकटं दूर करतो.

लोला त्याच्याकडे पाहत राहिली. "आमच्या वेळी कुठे होता?"

आई गडबडली. मग म्हणाली, "तुम्ही त्याला बोलावलं नव्हतं ना."

मला वाटलं आता काही तरी होणार. पण लोला इतकी मोठ्याने हसली, की टाळ वाजवणारे थांबले. "खरंय," ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांना बोलावलं, हाच राहिला." आणि तिने आईच्या हातचा उकडीचा मोदक तोंडात घातला.

शेवटच्या दिवशी विसर्जन दुपारीच उरकलं, कारण हॉल संध्याकाळी बॅडमिंटनवाल्यांना द्यायचा होता. मंडळी परत आली तेव्हा देखावा काढायचा होता. दरवर्षी तो मोडून खालच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात जाई. बाबा करवत घेऊन आले आणि तशीच धरून उभे राहिले. त्यांनी आदल्या रात्रीच आईला सांगितलं होतं, मी हे अख्खं लोलाला देणार, टीटाच्या घरात मावलं नाही तर पियानोवर ठेवू. त्यांनी तसं लोलाला म्हटलं.

लोलाने मान हलवली. "एकदा ते माझ्या डोळ्यांदेखत पडलं. मला विचारलं नाही कुणी. या वेळी मी काढते. मला काढू दे."

तिने खुर्ची ओढून घेतली आणि एकेक वास्तू उपटायला सुरुवात केली. डिंक करकरत सुटायचा. वास्तू हातात आली की ती आजूबाजूला पाहायची, कुणाला तरी जवळ बोलवायची आणि त्याच्या हातात द्यायची. बर्फवाला आठ वर्षांच्या जोशांच्या मुलाला दिला, "गरमी झाली की इथे जायचं." बेकरी टीटा लुझला. डॉक्टर आमच्या मंडळाच्या एकमेव डेंटिस्ट वहिनींना, आणि त्या दोघी बराच वेळ हात धरून काही तरी बोलत राहिल्या. दोन मनोऱ्यांचं चर्च बाबांना. बायका रांग लावून उभ्या राहिल्या होत्या, प्रसादाला लावतात तशी. पिलारचं घर तिने माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "लोला, तुम्हाला तर ती आवडत नव्हती." ती म्हणाली, "म्हणूनच. तू तिच्याशी बोलत जा." ते घर मी या घरापर्यंत आणलं आहे. मी तिच्याशी बोलते की नाही ते सांगणार नाही.

दाराशी बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन येऊन उभे होते, पण कुणी आत येईना. टेबलावर तट राहिला आणि आत एकच घर. खाली बेकरीची मोकळी जागा, वर तीन खिडक्या. लोलाने ते सर्वांत सावकाश सोडवलं. बाबांनी आपणहून हात पुढे केला. त्यांना वाटत होतं, सगळ्यांनाच वाटत होतं, की ते त्यांना मिळणार.

लोलाने त्यांचा हात प्रेमाने खाली केला. "तुला नको. तुझी कल्पनाशक्ती फार. उद्या तू त्याला मजला चढवशील, मनोरा लावशील." तिने मान वळवली. भिंतीपाशी पेंडसेकाका सतरंजीची घडी चारही कोपरे जुळवून घालत होते. "त्याला बोलावा. तो माणूस तिथला खिळाही हलवणार नाही."

काका आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि लोलाने घर त्यांच्या तळव्यांवर ठेवलं. मग जरा वाकून, पंख्याच्या टोकाने मागचा जिना दाखवत म्हणाली, "सगळ्यात वरची पायरी हलते. माझ्या वडलांनी दुरुस्त करतो म्हटलं होतं, राहून गेलं. अंधारात जपून."

पेंडसेकाकांनी वाकून ती पायरी नीट पाहिली. सभेचं इतिवृत्त वाचावं तशा आवाजात मग म्हणाले, "हो. कठड्याला धरून चढेन."

आणि ते घर छातीशी धरून, समोर न बघता, हॉलच्या पायऱ्या एकेक पाऊल चाचपत उतरून बसस्टॉपकडे गेले. आई गॅलरीतून दोनदा ओरडली, "पेंडसे, चपला! अहो, तुमच्या चपला राहिल्या!" पण बस आली होती, आणि ते तसेच अनवाणी चढले.